नऊने सुरू होणारे पार्ट नंबर आणि बोल्टची साइज

पार्ट नंबर नऊने सुरू होतोय का, ते आधी बघायचं. स्प्लेंडर, पॅशन, शाईन, ॲक्टिव्हा, म्हणजे होंडाच्या खानदानातली कुठलीही गाडी असली आणि तुम्हाला नट, बोल्ट, वायसर, बेअरिंग, सील असलं काही मागवायचं असलं तर त्याचा नंबर नऊने सुरू होणार, आणि त्यातल्या बऱ्याच नंबरांत त्या वस्तूची साइजच लिहिलेली असते. हे कळलं की अर्धं काम तिथेच संपतं. न कळलं तर चोपड्याहून जळगावला फोन करायचा, तिकडचा माणूस विचारणार कुठला बोल्ट, आपण सांगणार तो क्लच कव्हरचा, तो म्हणणार त्यात बरेच असतात, मग आपण व्हॉट्सॲपवर तळहातावर ठेवलेल्या बोल्टचा फोटो टाकणार, आणि दोन दिवसांनी एसटीच्या पार्सलने भलताच बोल्ट येणार.

आमच्याकडे अप्पांची जुनी स्प्लेंडर आहे, हिरो होंडा लिहिलेली. मळ्यात जाते, केळीच्या बागेत पाटाच्या कडेने चालते, मागे कधी दुधाची कॅन कधी पेंडीचं पोतं. रस्ता असा की वरचेवर कुठला ना कुठला बोल्ट ढिला होतो आणि ढिला झाला की पडतो. त्यामुळे बोल्ट मागवणं हे माझ्याकडेच आलं, आणि मागवता मागवता मी ते नंबर वाचायला शिकलो. भुसावळला माझे मामा रेल्वेत फिटर होते, आता रिटायर आहेत, त्यांच्याकडे जाडी-लांबी मोजायचं वर्निअर आहे आणि आटे मोजायचं पिच गेज आहे, त्यांचाही यात मोठा हात.

तर घ्या एक नंबर. ९५७०१-०६०२०-००. पहिले पाच आकडे सांगतात वस्तू काय आहे. ९५७ म्हणजे फ्लँज बोल्ट, ज्याच्या डोक्याखाली वायसरसारखी गोल कड डोक्यासोबतच घडवलेली असते तो. मधले पाच आकडे म्हणजे साइज, आणि ते दोन आणि तीन असे तोडून वाचायचे. ०६ म्हणजे सहा एमएम जाडी, ०२० म्हणजे वीस एमएम लांबी. शेवटचे दोन आकडे प्लेटिंगचे, म्हणजे वरचा थर कसला आहे त्याचे. ०८०४५ दिसलं तर आठ एमएम जाड, पंचेचाळीस लांब. ०६११० म्हणजे सहा एमएम आणि एकशे दहा लांब. इतकं सोपं आहे, पण काउंटरवर वर्षानुवर्षं बसलेल्या कितीतरी लोकांना हे कधी कोणी सांगितलेलंच नसतं, ते आपले कॉम्प्युटरला नंबर टाकतात आणि रॅकचा पत्ता बघतात.

लांबी मोजताना डोकं धरायचं नाही. फ्लँजच्या खालच्या बाजूपासून टोकापर्यंत जेवढं भरतं तेवढी लांबी. चपट्या डोक्याचा जो स्क्रू पूर्ण आत बसतो, त्याचीच तेवढी डोक्यासकट लांबी धरतात.

आता गंमत बघा. ९५७०१-०६०२० आणि ९६००१-०६०२०, दोन्ही सहा बाय वीसचे फ्लँज बोल्ट. आटे तेच, लांबी तीच, एकाच्या जागी दुसरा लावला तर बसतोही. मग दोन नंबर कशाला? तर डोकं वेगळं आहे. ९५७ वाल्या सहाच्या बोल्टला दहाचा पाना लागतो आणि ९६० वाला छोट्या डोक्याचा, त्याला आठचा पाना लागतो. स्प्लेंडरच्या क्लच कव्हरला, मॅग्नेट कव्हरला मेकॅनिक जो आठचा टी-पाना घेऊन बसतो ना, ते सगळे छोट्या डोक्याचे. तिथे दहाच्या डोक्याचा बोल्ट आणला तर काही ठिकाणी कव्हरच्या खळग्यात त्यावर गोटी पानाच जात नाही, आणि गेला तरी कव्हरवर एक बोल्ट आठचा एक दहाचा असं दिसलं की पुढचा मेकॅनिक पहिल्या मालकाला शिव्या घालतो.

इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो. मेकॅनिक बोल्टला पान्याच्या नंबराने ओळखतो. तो म्हणतो दहाचा बोल्ट आण, त्याच्या मनात दहाचा पाना लागतो तो, म्हणजे सहा एमएमचा. पोरगं हार्डवेअरच्या दुकानात जाऊन दहाचा बोल्ट मागतं, दुकानदार दहा एमएम जाडीचा ट्रॅक्टरला शोभेल असा बोल्ट काढून देतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून मी आता काउंटरवर नेहमी पूर्ण बोलतो, सहा बाय वीस, डोकं आठचं. पाना किती आणि जाडी किती हे दोन्ही सांगितलं की विषय संपतो.

होंडाच्याच काय, जपानी पद्धतीच्या जवळपास सगळ्या गाड्यांत पान्यांचा हिशोब असा असतो: सहाच्या बोल्टला आठ किंवा दहा, आठच्या बोल्टला बारा, दहाच्या बोल्टला चौदा. आणि हार्डवेअरच्या दुकानातला साधा आठचा बोल्ट घ्या, त्याला पाना लागतो तेराचा. दहाचा घ्या, त्याला लागतो सतराचा, हल्ली काहींना सोळाचा. गाडीवर कुठेही तेराचा पाना लागला की समजायचं हा बोल्ट मूळचा नाही, मध्ये कोणीतरी बदललाय. जुनी गाडी विकत घेताना मी हे बघतोच बघतो, खाली वाकून इंजिन माउंटिंगला बाराचा पाना लावून पाहायचा. विकणारा सांगत असतो एकदम सिंगल हँड, कधी खोललीच नाही, आणि बोल्ट सांगतो तेराचा आहे भो मी.

डोकं वेगळं असणं एक वेळ चालून जाईल. पिच वेगळा असला की मात्र खरं नुकसान. पिच म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर. सहाच्या बोल्टला ते एक एमएम असतं, आठच्याला सव्वा, म्हणजे १.२५, आणि या दोन साइजमध्ये हार्डवेअरचा माल आणि गाडीचा माल सारखाच, तिथे काही भानगड नाही. भानगड दहाला आहे. हार्डवेअरमधला साधा दहाचा बोल्ट दीड पिचचा येतो, आणि जपानी गाडीवरचा दहाचा असतो सव्वा पिचचा, बारीक आट्याचा. मागच्या शॉकॲब्सॉर्बरची वरची कॅप नट घ्या, ती अशीच बारीक आट्याची. ती पडली की लोक हार्डवेअरमधून साधी दहाची नट आणतात, ती एक-दोन आटे फिरते आणि जाम होते, मग कोणीतरी म्हणतं अरे घट्ट आहे जरा जोर लाव, पान्याला पाइप लावतात, आणि ती जाते आत आटे कापत. नटेचे जातात ते दहा रुपयांचं नुकसान, पण चेसीवरच्या पिनचे आटे गेले की वेल्डिंग आणि लेथवाल्याकडे चक्कर. मामांचा नियम एकच, हाताने पाच-सहा आटे सरळ फिरले नाहीत तर पाना हातात घ्यायचाच नाही. पिच गेज नसेल तर ज्याचे आटे चांगले आहेत असा दुसरा बोल्ट शेजारी धरून उजेडाकडे बघा, आट्यात आटा बसला तर एकच पिच, मध्ये फट दिसली तर वेगळा. ऑइल ड्रेनचा बोल्ट बाराचा असतो आणि त्याला दीडचा पिच, त्याचा होंडाचा नंबर ९२८००-१२०००, आणि त्याच्याखालचा वायसर ९४१०९-१२०००. बघा, दोन्हीत १२ बसलाय.

त्या वायसरबद्दल सांगतो. ऑइल बदलताना तो मऊ वायसर नवीन टाकायचा असतो, तो दबून सील करतो. गावाकडे तो जन्मभर एकच असतो आणि गळायला लागला की बोल्ट अजून आवळतात, आवळता आवळता इंजिनच्या ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. मग एम-सील. किती गाड्यांच्या पोटाखाली एम-सीलचा गोळा दिसतो बघा कधी उभं राहून पंपावर. वायसर काही रुपयांचा असतो हो.

नंबरावर परत येतो. ९४ ने सुरू होणारे म्हणजे नट, वायसर, पिना. ९४०५०-०६००० म्हणजे सहाची फ्लँज नट, ९४१०१ साधा वायसर, ९४१११ स्प्रिंग वायसर. इथपर्यंत सरळ. पण पिनांमध्ये आकडे वाचायची पद्धत बदलते, आणि ते माहीत नसेल तर डोकं गरगरतं. ९४३०१-०८१४० हा डॉवेल पिनचा नंबर, दोन कव्हर एकमेकांवर नेमकी बसावीत म्हणून मध्ये जी छोटी नळी असते ती. बोल्टच्या हिशोबाने वाचलं तर आठ एमएम जाड आणि एकशे चाळीस एमएम लांब, म्हणजे चौदा सेंटीमीटर! असली पिन इंजिनात मावणार कुठे. ती आहे आठ बाय चौदा. पिनेच्या लांबीत शेवटचा आकडा दशांशाचा असतो, १४० म्हणजे १४.०. तसंच ९४२०१-२०१५० ही स्प्लिट पिन दोन एमएमची आणि पंधरा लांब, तिथे तर जाडीलाही दशांश, २० म्हणजे २.०. बेअरिंगचं अजून सोपं, ९६१००-६२०३० मधला शेवटचा शून्य सोडला की उरतं ६२०३, आणि ६२०३ हे बेअरिंग जगात कुठल्याही दुकानात मिळतं, आत सतरा, बाहेर चाळीस, जाडी बारा. आपल्या पाण्याच्या मोटारींतही हेच आकडे सापडतात. मोटर रिवाइंड करणाऱ्याकडे चांगल्या कंपनीचं बेअरिंग पडलेलं असतं, तिथून घ्या, फक्त रबर सीलवालं घ्या.

मग असं वाटेल की सगळंच वाचता येतं, पार्ट नंबर मागवायचाच कशाला, साइज सांगितली की झालं. नाही. इथे येतो ९०.

नंबर ९० ने सुरू झाला आणि मधल्या भागात जाडी-लांबीऐवजी तीन अक्षरी मॉडेल कोड असला की समजायचं हा खास बोल्ट आहे. ९०१४५ आणि पुढे कोड, हा डिस्क ब्रेकच्या पाइपचा तो पोकळ बोल्ट ज्यातून ब्रेक ऑइल जातं. डिस्कचे बोल्ट, स्प्रॉकेटचे बोल्ट, हेडचे स्टड, हे सगळे ९० च्या घरातले. यांच्या नंबरातून लांबी निघत नाही, पिच निघत नाही, काहीच निघत नाही, आणि त्याचं कारण असं की त्यांच्यात साइजपलीकडचं काहीतरी असतं. कुठे आटे नसलेला भाग नेमका मोजून ठेवलेला, कुठे खांदा दिलेला, कुठे लोखंड वेगळं, कुठे आट्यांवर आधीच लॉकिंगचा थर लावलेला. डिस्कच्या बोल्टवर असा थर असतो आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की काढला की नवीन टाका. तिथे सहा बाय वीस, आठ बाय चोवीस असला हिशोब करून हार्डवेअरचा बोल्ट ठोकणाऱ्याच्या गाडीवर मी मागे बसणार नाही. माझा सरळ हिशोब आहे, ९५७, ९६० वगैरे असेल तर साइज वाचून जिथे चांगला मिळेल तिथून घ्यायचा, ९० असेल तर तोंड बंद ठेवून तोच नंबर मागवायचा, महाग असला तरी.

यामाहावाल्यांसाठी. अमळनेरला माझा एक मित्र आहे, त्याने आरएक्स १०० जपून ठेवलीय, १९८५ ते १९९६ एवढीच आली ती आपल्याकडे, आता तिच्या एकेका बोल्टला लोक दागिन्यासारखं जपतात. यामाहाच्या स्टँडर्ड बोल्टचा नंबरही वाचता येतो, ९५८१७-०६०२० म्हणजे फ्लँज बोल्ट सहा बाय वीस, ९७०१७-०६०२० साधा षटकोनी सहा बाय वीस, ९८५१७-०६०१६ म्हणजे प्लस खाचेचा गोल डोक्याचा स्क्रू, सहा बाय सोळा. ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेले, ९१३ च्या घरात. पण यामाहाच्या ९० मध्ये एक खड्डा आहे. ९०१०५-०८ आणि पुढे तीन आकडे असा नंबर दिसतो, म्हणजे जाडी ०८ कळते, आठ एमएम, आणि माणूस पुढचे तीन आकडे लांबी समजून वाचतो. ती लांबी नसते. तो नुसता अनुक्रमांक असतो, त्या जाडीचा अमुक नंबरचा खास बोल्ट एवढंच. मित्राने ते लांबी समजून पुण्याहून कुठूनतरी मागवलेलं पार्सल आलं तेव्हा तो बोल्ट हातात धरून म्हणाला, हाऊ नही चालस भो. हे मी त्याच्या परवानगीने लिहितोय.

त्या आरएक्सच्या मॅग्नेट कव्हरच्या स्क्रूंबद्दल बोललंच पाहिजे. ते प्लस खाचेचे दिसतात, पण ती खाच साध्या फिलिप्सची नाही, जपानी पद्धतीची आहे, अशा स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक छोटा ठिपका असतो. फिलिप्सचं टोक जोर वाढला की खाचेतून वर सरकतं, जपानी खाचेत ते नीट तळाला बसत नाही, म्हणून खाच खाऊन जाते, मग छिन्नी आणि हातोडी. जपानी टोकाचा स्क्रूड्रायव्हर आता ऑनलाइन मिळतो, आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरने एक टोला दिला की सुटतो. सुटल्यावर लोक त्या जागी ॲलन बोल्ट टाकतात, त्यात मला काही वाईट वाटत नाही, तिथे सहाचाच बोल्ट आणि तोच पिच आहे, लांबी तेवढी सांभाळा.

लांबी सांभाळा असं मी का म्हणतोय तर कव्हरचे सगळे बोल्ट एका लांबीचे नसतात. वरचे छोटे, खालचे लांब, एखाद्याला क्लचच्या वायरचा पत्रा पकडायचा असतो म्हणून तो अजून लांब. छोट्याच्या जागी लांब बोल्ट गेला तर तो तळाला टेकतो, डोकं अजून कव्हरपर्यंत आलेलं नसतं, आपण आवळत राहतो आणि आतलं ॲल्युमिनियम तडकतं. लांबच्या जागी छोटा गेला तर तो दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि आवळताच आटे घेऊन बाहेर येतो. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट जाडीच्या साधारण दीडपट तरी आत गेलेला असावा, म्हणजे सहाचा बोल्ट नऊ एमएम आत. खोलताना जुन्या चपलेच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर कव्हरचा आकार काढा, आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथे टोचून ठेवा. हे गॅरेजमध्ये करायला लाज वाटते काही जणांना. मामा रेल्वेची इंजिनं खोलणाऱ्या माणसांत वावरले, ते आजही पुठ्ठा घेतात.

सुझुकीत नंबर शून्याने सुरू होतात. ०१५५०-०६ आणि पुढे २० दिसलं की सहा बाय वीस फ्लँज बोल्ट, शेवटी एखादा आकडा किंवा अक्षर असतं ते मजबुती-प्लेटिंगचं, आणि ०९ ने सुरू झालं की तिथले ते खास. कावासाकीत १३०बीए०६२० असा नंबर, सहा बाय वीस आरामात वाचता येतो, पण ९२१५३ आणि पुढे आकडे असला नंबर आला तर तो खास, तोच मागवा. जुन्या बुलेटवाल्यांनी यातलं काहीही मनावर घेऊ नये, त्यांचे आटे इंग्रजांच्या इंचांचे, तिथे एमएमचा बोल्ट चालवला तर देवच राखो.

डोक्यावरचे आकडेही वाचा. ८.८ लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ असा की ते लोखंड ८०० मेगापास्कल ताणाच्या आसपास तुटतं आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, कायमचं ताणलं जायला लागतं. १०.९ म्हणजे १००० आणि त्याच्या ९० टक्के. ४.८ हा पत्र्याला, मडगार्डला ठीक. डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो कूलरच्या स्टँडला लावा. आणि हल्ली स्टीलच्या चकचकीत बोल्टचं जे खूळ आलंय, ए२-७० लिहिलेले, ते ७०० ला तुटतात आणि ४५० ला ताणले जातात, म्हणजे ८.८ पेक्षा मऊ, दिसायला कितीही भारी असले तरी. वर ॲल्युमिनियमच्या इंजिनात ते बसवले आणि पावसाळाभर पाणी लागलं की ॲल्युमिनियम खाऊन आत अडकतात. लावायचेच तर आट्यांना अँटीसीझ, म्हणजे बोल्ट अडकू नये म्हणून असते ती पेस्ट, लावा, आणि ब्रेक कॅलिपरला, हँडलला, एक्सलला अजिबात नको.

आवळण्याचंही तसंच. होंडाच्या मॅन्युअलमध्ये छोट्या-मोठ्या साध्या बोल्टांचा तक्ता असतो, सहाच्या बोल्टला १० न्यूटन मीटर, सहाच्या मोठ्या डोक्याच्या फ्लँज बोल्टला १२, आठच्या फ्लँजला २६-२७. दहा न्यूटन मीटर म्हणजे किती, तर फार कमी, आठचा टी-पाना मुठीत धरून मनगटाने फिरवला तेवढंच. आपल्याकडे घट्ट म्हणजे दात आवळून घट्ट असं असतं, आणि मग सहाचे बोल्ट मान मोडून पडतात, रस्त्याला उगाच दोष. आता मी म्हटलं ना वर की रस्ता खराब आहे, तो आहेच, पण आमच्या गाडीचे निम्मे बोल्ट रस्त्याने नाही तर आवळणाऱ्याने घालवलेत.

आता मागवायचं कसं ते. नंबर शोधायला ऑनलाइन पार्ट कॅटलॉग असतात, त्यात इंजिनाचं सुटं चित्र असतं, चित्रावर क्रमांक, खाली तक्त्यात नंबर आणि वर्णन, बोल्ट फ्लँज ६×२० असं साफ लिहिलेलं. चित्रातला क्रमांक आणि पार्ट नंबर यात गल्लत नको, कोणी कोणी दुकानात जाऊन चित्रातला १७ नंबर द्या म्हणतं. मॉडेल आणि वर्ष बरोबर निवडायचं, त्यासाठी आरसी बुकात बघण्यापेक्षा चेसी नंबरच काउंटरला द्या. चेसी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, त्यामुळे गोल दिसलं की शून्यच लिहायचा. साध्या पार्टचा नंबर पाच-तीन-तीन असा असतो, पहिले पाच म्हणजे वस्तू, १३१०१ पिस्टन, १२२५१ हेड गॅस्केट, २२२०१ क्लच प्लेट, १८२९१ सायलेन्सरच्या तोंडाचं गॅस्केट, मधले तीन मॉडेलचे, शेवटचे तीन सुधारणेचे. त्यामुळे शेवटी ००० च्या जागी ०१० आलं म्हणून भांडू नका, कंपनीने काही बदललं की तो आकडा पुढे जातो, आणि काउंटरवरचा कॉम्प्युटर जुना नंबर टाकला की नवा दाखवतो. हिरोच्या पाकिटावर शेवटी कधी एस अक्षरही दिसतं.

आणखी एक फायद्याची गोष्ट. हिरो आणि होंडा १९८४ पासून एकत्र होते, २०१० च्या डिसेंबरात फारकत जाहीर झाली. पण ९५७ आणि ९६० चे हे बोल्ट त्याच घराण्याचे, त्यामुळे आपल्या गावच्या एका काउंटरला नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या काउंटरला तोच नंबर विचारा. स्प्लेंडरचा कव्हर बोल्ट मी ॲक्टिव्हाच्या रॅकमधून घेतलाय, तोच तो, ९६००१. दुकानदार आधी म्हणतो हा स्कूटरचा आहे, नाही बसणार. त्याला म्हणायचं दादा, ०६०२० लिहिलंय बघ, बसतो की नाही ते मी बघतो, कितीचा आहे ते सांग.

पाकिटावरची एमआरपी वाचताना त्यात नग किती तेही वाचा, काही बोल्ट पाकिटात पाच-दहा एकत्र येतात आणि किंमत त्या सगळ्यांची असते. नग वाचला नाही तर वाटतं एक बोल्ट एवढा महाग, आणि माणूस तिथूनच सरळ हार्डवेअरकडे वळतो. कव्हरचे सहा बाय पंचवीस आणि सहा बाय पस्तीस असे दोन-दोन जास्तीचे आणून मी डब्यात टाकून ठेवलेत, पाकिटासकट, कारण पाकीट फेकलं की नंबर गेला आणि मग परत वर्निअर शोधा.